कादंबरी समासात गेली

ताई,

माझं वय ४७. तिशीत दोन कादंबऱ्या झाल्या. त्या बऱ्यापैकी वाचल्या गेल्या आणि त्यांच्याच जोरावर नऊ वर्षांपूर्वी विद्यापीठात सर्जनशील लेखन शिकवायला लागले. वर्गात चौदा जण असतात. सत्रात प्रत्येकाचे तीन खर्डे येतात, आणि प्रत्येक खर्ड्यावर मी दीड पान तरी टिपण लिहून देते. तिसरी कादंबरी मात्र चार वर्षं एकशेबाराव्या पानावर उभी आहे.

गेल्या महिन्यात दोन गोष्टी झाल्या. एका माजी विद्यार्थ्याची पहिली कादंबरी येते आहे. मलपृष्ठासाठी माझ्या चार ओळी हव्यात म्हणून त्याने प्रूफं पाठवली. दहा पानं वाचली. चांगली आहेत, ताई. माझ्यापेक्षा चांगली. पाकीट तीन आठवडे टेबलावर पडून आहे. दुसरं म्हणजे, माझ्याच खर्ड्यात एक प्रसंग आहे: घर विकून टाकलेला म्हातारा जुन्या घराची किल्ली जुडग्यात तशीच ठेवतो, आणि नव्या घराच्या कुलपाला दर वेळी आधी तीच लावून बघतो. हा प्रसंग माझा नाही, हे मला अचानक आठवलं. तीन वर्षांपूर्वी एका मुलीने वर्गात लिहिलेल्या कथेतला आहे तो. ती मुलगी आता लिहीत नाही.

नवरा म्हणतो, नोकरी सोड, घर मी बघतो. सोडू का?

एक कादंबरीकार

---

नमस्कार,

सोडू नका. या वर्षी तरी नाही, आणि या कारणासाठी तर नाहीच. का ते सांगते, पण आधी तुमच्या पत्राबद्दल बोलू.

पत्र तुम्ही हाताने लिहिलंत. वर छापलंय ते आटोपशीर करून छापलंय, म्हणून वाचकांना कळणार नाही. मला मात्र सगळं दिसलं. दुसऱ्या पानावर तुम्ही लिहिलं होतं, ‘मी आतून वाळत चालले आहे.’ मग त्यावर रेघ मारलीत आणि बाजूला, समासात, बारीक अक्षरात लिहिलंत: ‘रूपक घासलेलं.’ त्याखाली ‘दुःख’ खोडून ‘अस्वस्थता’ केलंय आणि ‘अस्वस्थता’पुढे प्रश्नचिन्ह. एका अनोळखी बाईपाशी मन मोकळं करायला बसलात आणि स्वतःच्याच पत्राला शेरे देऊन मोकळ्या झालात.

हे मी थट्टेने म्हणत नाही. मीही यातून गेले आहे. काही वर्षं मी एका मासिकात पोस्टाने आलेल्या कथा वाचून निवडायचं काम करत होते. दिवसाला आठ-दहा कथा. पहिलं वर्ष मजेत गेलं. दुसऱ्या वर्षी आईला पत्र लिहायला बसले, ‘इकडे सगळं ठीक’ असं लिहिलं, आणि ‘हे वाक्य काहीच सांगत नाही’ म्हणून कागद फाडला. तीनदा फाडला. शेवटी फोन केला. चुका शोधायची सवय एकदा हाताला लागली की तो हात दुसऱ्याचं काय आणि आपलं काय, काही बघत नाही.

तुमची अडचण मला तरी एवढीच दिसते. शिकवण्याने तुमची प्रतिभा वगैरे आटलेली नाही. तुमच्यातली वाचणारी बाई इतकी तरबेज झाली आहे की लिहिणारीचं वाक्य पुरं व्हायच्या आत तिचा शेरा तयार असतो. आणि पहिला खर्डा म्हणजे मुळात वाईट वाक्यांचा ढीग, हे तुम्ही दर जूनमध्ये नव्या मुलांना सांगत असणार. सांगता ना?

आता जरा हिशेब करू या. चौदा मुलं, तीन खर्डे, दीड पान. सत्राला त्रेसष्ट पानं. दोन सत्रं धरली तर वर्षाला एकशेसव्वीस. तुमची कादंबरी एकशेबारा पानांवर थांबली आहे, आणि तुम्ही दर वर्षी तिच्याहून चौदा पानं जास्त लिहिता. नऊ वर्षं. म्हणजे हजाराच्या वर पानं, तीही मन लावून, नेमकी, स्वच्छ गद्यात लिहिलेली. ‘लिहिणं होत नाही’ असं तुम्ही म्हणता, ते मला पटलं नाही ते यामुळे. लिहिणं भरपूर होतंय. ते दुसऱ्यांच्या समासात जातंय.

म्हणून पहिलं काम: दीड पान बंद. खर्ड्याच्या शेवटी तीन वाक्यं लिहा. कुठे मी वाचायची थांबले, कुठे मला पुढचं पान उलटावंसं वाटलं, आणि काय मला अजून कळलेलं नाही. बास. बाकीचं वर्गात तोंडी. मुलं कुरकुरतील, कारण तुमची दीड पानं ही त्यांना बक्षिसासारखी वाटतात. पण दीड पानातली किती वाक्यं पुढच्या खर्ड्यात उतरतात, हे तुम्हीच एकदा दोन खर्डे शेजारी ठेवून बघा. इंग्लंडमधल्या ईस्ट अँग्लिया विद्यापीठात १९७० मध्ये माल्कम ब्रॅडबरी आणि अँगस विल्सन या कादंबरीकारांनी सर्जनशील लेखनाचा अभ्यासक्रम सुरू केला, तेव्हा पहिल्या वर्षी कथा-कादंबरी लिहिणारा विद्यार्थी एकच होता, पुढे नावाजलेला कादंबरीकार इयन मॅकइवन. तेवढ्यावर दीड काय, पाच पानं लिहिली असती तरी चाललं असतं. तुमच्याकडे चौदा आहेत.

दुसरं काम वेळेचं. दुसऱ्याचं हस्तलिखित उघडण्याआधी आपलं. सकाळी वीस मिनिटं मिळाली तरी चालतील, पण क्रम मोडायचा नाही. पेन्सिल त्या खोलीत ठेवू नका. शाईने लिहा, खोडायचं नाही, काल लिहिलेलं आज वाचायचं नाही. हा कडक नियम कायमचा नव्हे, एकशेचाळिसाव्या पानापर्यंतचा. तिथे पोचल्यावर त्या तरबेज बाईला आत बोलवा. तिच्याइतकी चांगली संपादक तुम्हाला शोधून सापडणार नाही, फक्त ती फार लवकर येते.

नोकरीमुळे कादंबरी मरते, असं म्हणणाऱ्यांची उदाहरणं तुम्ही वाचली असतील. उलटी उदाहरणंही तितकीच आहेत. अमेरिकन कादंबरीकार कर्ट व्हॉनेगट १९६५ मध्ये आयोवा विद्यापीठाच्या लेखन-कार्यशाळेत शिकवायला गेला, तेव्हा खिसा रिकामा होता आणि जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरावरच्या बाँबहल्ल्याची कादंबरी जवळपास वीस वर्षं जमत नव्हती. तो हल्ला झाला फेब्रुवारी १९४५ मध्ये, आणि युद्धकैदी म्हणून तो त्या वेळी तिथेच होता. आयोवात दोन वर्षं शिकवता शिकवता त्याने तिच्यावर काम केलं आणि १९६९ मध्ये ‘स्लॉटरहाउस-फाइव्ह’ आली. अमेरिकन लेखिका मॅरिलिन रॉबिन्सनची पहिली कादंबरी १९८०ची, दुसरी २००४ची. मधली बरीच वर्षं ती त्याच आयोवात शिकवत होती. आपल्याकडे नेमाड्यांची ‘झूल’ १९७९ची आणि ‘हिंदू’ २०१०ची, आणि तेही प्राध्यापकच. अर्थात दोन कादंबऱ्यांमधले चोवीस आणि एकतीस वर्षांचे हे आकडे उशाशी घेऊन झोपू नका. रॉबिन्सन त्या काळात निबंध लिहीत होती, नेमाडे कविता आणि समीक्षा लिहीत होते. तुम्ही टिपणं लिहिताय.

नोकरी सोडण्याचं म्हणाल तर कादंबरीकार व्लादिमीर नाबोकोव्हने ती सोडली. १९४८ पासून तो कॉर्नेल विद्यापीठात साहित्य शिकवत होता. त्याची ‘लोलिता’ ही कादंबरी अमेरिकेत निघाली, पैसा आला, आणि १९५९ मध्ये, साठीच्या उंबरठ्यावर, त्याने विद्यापीठाला रामराम ठोकला. आधी पुस्तक झालं, मग राजीनामा. तुम्ही हे उलट क्रमाने करायला निघाला आहात. ‘घर मी बघतो’ हे तुमच्या यजमानांचं बोलणं मनापासूनचं असणार, त्याबद्दल शंका नाही. पण उद्यापासून घरात तुम्ही, ते आणि एकशेबारावं पान असे तिघे राहाल. संध्याकाळी ते सहज विचारतील, ‘आज झालं का काही?’ आणि त्या प्रश्नाचा तुम्हाला राग येईल. आज वाईट दिवस गेला तर निदान मुलांना शिकवलं एवढं तरी पदरात पडतं. तेही गेल्यावर वाईट दिवस नुसता वाईट राहतो.

सोडण्याऐवजी रजा मागा. एका सत्राची, सबॅटिकल म्हणजे पगारी अभ्यासरजा मिळत असेल तर ती, नाहीतर बिनपगारी. यजमानांची तयारी तिथे कामी येऊ दे. अर्जात ‘वैयक्तिक कारण’ लिहू नका. ‘कादंबरी पूर्ण करणे’ असं सरळ लिहा. सर्जनशील लेखनाच्या अनेक विभागांत कादंबरी संशोधनाच्या बरोबरीने धरली जाते, आणि तुम्हाला तर नेमलंच कादंबऱ्यांमुळे. इतिहासाचा प्राध्यापक ग्रंथ पुरा करायला रजा मागताना लाजत नाही. लेखकमंडळींनाच आपलं काम हा छंद असल्यासारखं वाटतं, कोण जाणे का. मात्र ही रजा एकशेचाळिसाव्या पानानंतर मागा. आत्ता घेतलीत तर सहा महिने पेन्सिल टोकत बसाल.

आता ती किल्ली.

अमेरिकन कथाकार रेमंड कार्व्हर कॉलेजात होता तेव्हा घरात दोन लहान मुलं, लिहायला जागा नाही. त्याच्या शिक्षकाने, जॉन गार्डनरने, आपल्या ऑफिसची किल्ली त्याला दिली. शनिवार-रविवार ये आणि लिही म्हणाला. ही गोष्ट १९५९ च्या सुमाराची. त्या खोलीत गार्डनरच्या हस्तलिखितांची खोकी होती. सगळं अप्रकाशित, कारण गार्डनरची पहिली कादंबरी यायला १९६६ उजाडायचं होतं. विद्यार्थ्याने काय केलं? खोकी उघडली, कथा चाळल्या आणि त्यांची नावं ढापून स्वतःच्या कथांना दिली. पुढे गार्डनरला ते कळलं आणि कार्व्हरला शिष्टाचारावर चार शब्द ऐकावे लागले. हे कार्व्हरनेच नंतर सांगितलंय, गुरूबद्दल अपार मायेने.

तुम्ही ही गोष्ट वर्गात सांगितलीही असेल. ती मला तुमच्याबाबतीत उलट बाजूने आठवली. विद्यार्थ्याने शिक्षकाचं उचललं तर किस्सा होतो. शिक्षकाने विद्यार्थ्याचं उचललं तर तो किस्सा राहत नाही, कारण गुण देणारा हात तुमचा आहे. नकळत आलंय हे मला मान्य. चौदा जणांच्या गोष्टी नऊ वर्षं डोक्यात ओतल्यावर काय कुणाचं हे कुठवर लक्षात राहणार! पण आता लक्षात आलंय ना, मग नकळतपणा संपला. ‘ती आता लिहीत नाही’ हे वाक्य तुम्ही मला का लिहिलंत, याचा विचार करा. मला ते वाक्य आवडलं नाही. ती लिहीत नाही म्हणून किल्ली बेवारस होत नाही.

दोन वाटा आहेत. प्रसंग काढून टाका, किंवा त्या मुलीला विचारा. मी काढून टाका म्हणेन, आणि त्यात नीतीपेक्षा स्वार्थच जास्त आहे. ज्या पानावर उसना म्हातारा उभा आहे, त्याच्या आसपासच तुमची कादंबरी अडकली असणार असा माझा दाट संशय आहे. तुम्हाला स्वतःचा म्हातारा लिहायचा कंटाळा आला, म्हणून तयार आला तो तुम्ही घेतलात. पान मोकळं करा आणि बघा तिथे कोण येतं. पण काढलात तरी त्या मुलीला चार ओळी जरूर लिहा. तुझी ती किल्ली तीन वर्षं माझ्या डोक्यात राहिली आणि माझ्या कादंबरीत शिरली होती, मी ती बाहेर काढली, असं स्पष्ट. आपण लिहिलेला एक म्हातारा कुणाच्या तरी डोक्यात तीन वर्षं राहिला, हे तिला आजवर कुणी सांगितलं असेल असं वाटत नाही. हे पत्र मात्र पेन्सिल घेऊन वाचू नका. एकदा लिहायचं आणि पाठवायचं.

राहिलं पाकीट. मत्सर वाटला तर वाटू दे. तुम्हाला त्या दहा पानांचा दर्जा ओळखता आला म्हणूनच तो वाटला, आणि सुमार पुस्तकाबद्दल कुणाला मत्सर वाटत नाही. पण त्याचा भुर्दंड त्या मुलाने का भरावा? पहिलं पुस्तक येताना माणूस किती वेळा फोन बघतो, हे तुम्ही विसरला नसाल. तीन आठवड्यांच्या शांततेचा अर्थ त्याने ‘बाईंना आवडली नाही’ असाच लावला असणार. या रविवारी पाकीट उघडा आणि सगळं वाचा. दहा पानांवर चार ओळी लिहू नका, तेवढा तुमचा व्यवसाय तुम्हाला कळतो. नाहीच जमलं तर सोमवारी त्याला तसं सरळ कळवा, म्हणजे तो दुसरं कुणी बघेल. वाचता वाचता प्रूफाची एखादी चूक दिसलीच, तर तिथे मात्र पेन्सिल खुशाल चालवा.

आणि हो. पत्राच्या तळाशी तुम्ही आधी ‘एक कादंबरीकार’ अशी सही केली होती. मग ती खोडून ‘एक प्राध्यापिका’ लिहिलंत. मी खोडलेलीच छापली आहे.