ज्ञानाचा पाठलाग का होत नाही?

ऐरोलीच्या एका कंपनीत अनुवादाचं काम करणाऱ्या मैत्रिणीने विचारलं आहे. इंग्रजीतला 'परस्यूट' हा शब्द तिला एकाच आठवड्यात चार ठिकाणी भेटला. पोलीस चोरामागे धावतात तिथे, विद्यार्थी ज्ञान मिळवतात तिथे, ग्राहकाच्या तक्रारीची पुन्हा पुन्हा चौकशी होते तिथे, आणि अमेरिकेच्या १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातल्या सुखाच्या हक्कात. तिने चारही ठिकाणी 'पाठलाग' लिहिलं. संपादकांनी तीन ठिकाणी काट मारली, कारण मात्र सांगितलं नाही. तिचा प्रश्न असा, की हे शब्द समानार्थी असतील तर चुकलं कुठे?

काट बरोबर आहे. पण कारण सांगायला हवं होतं, कारण ते फार सुंदर आहे. कोण मागे लागलंय यापेक्षा पुढे कोण आहे आणि ते काय करतंय, हे बघून मराठी इथे शब्द निवडते.

'पाठलाग' घ्या. यातली पाठ म्हणजे ती पाठ, संस्कृत पृष्ठापासून आलेली. 'तो पाठ', म्हणजे धडा, हा वेगळा शब्द. पाठलाग व्हायचा तर पुढच्याची पाठ दिसायला हवी आणि त्याला निसटायचं असायला हवं. ठाणे स्टेशनात सकाळी फास्ट लोकलसाठी माणसं जिन्यावरून जिवाच्या आकांताने धावतात, पण 'मी लोकलचा पाठलाग केला' असं कुणी म्हणत नाही. आपण गाडी पकडतो, नाहीतर गाडी चुकते. गाडी काही आपल्याला हुलकावणी देण्यासाठी पळत नसते. ज्ञानही पळत नाही, म्हणून त्याचा पाठलाग होत नाही.

पुढचा नजरेआड झाला आणि फक्त खूण उरली, की 'माग' येतो. हा संस्कृत मार्गाचा प्राकृतातून आलेला वंशज. 'मागे', 'मागचा' ही याचीच भावंडं. भिवंडीच्या यंत्रमागातला माग मात्र निराळा, त्याची इथे गल्लत नको. हा शब्द मला खरा कळला तो येऊरच्या जंगलात. सोबतच्या वाटाड्याने ओल्या मातीतला एक ठसा दाखवला. मागे गादी, पुढे चार बोटं, नखांची खूण कुठेही नाही. कुत्र्याचा असता तर नखं उमटली असती. बिबट्या चालताना ती आत ओढून घेतो. वाटाडे एवढंच म्हणाले, "माग ताजा आहे." बिबट्या कुठेच दिसत नव्हता, तरी सगळ्यांचे आवाज खाली आले. पाठलागात धाप लागते, माग काढताना श्वास रोखला जातो. 'मागावर असणे' यात जी दबा धरल्याची छटा आहे ती इथूनच आली असावी असं मला वाटतं. 'मागोवा' त्याच घरातला, पण आता तो बहुतेक भूतकाळाकडे तोंड करून असतो: वर्षाचा मागोवा, एखाद्या चळवळीचा मागोवा.

आता तिची ग्राहकाची तक्रार. इथे पुढचा पळत नाही, उलट जागचा हलत नाही. आमच्या वर्तकनगरच्या इमारतीसमोरचा रस्त्यावरचा दिवा बंद होता तेव्हा आम्ही एका कार्यालयाला चार पत्रं लिहिली. तिसऱ्या पत्रापासून 'वारंवार पाठपुरावा करूनही' हे शब्द आपोआप आले. यातला 'पुरावा' साक्षीपुराव्यातला नव्हे. 'पिच्छा पुरवणे' म्हणतो ना, तसं 'पाठ पुरवणे', म्हणजे शेवटपर्यंत मागे राहणे. व्याकरणही बघा. चोराचा पाठलाग होतो, पण पाठपुरावा 'अर्जाचा' आणि 'कार्यालयाकडे'. कामाला 'चा' लागतो, माणसाला 'कडे'. चोराकडे पाठलाग करता येत नाही. या एका प्रत्ययामुळे पाठपुराव्यात सभ्यता येते: आपण माणसाच्या नव्हे, कामाच्या मागे आहोत. कुणी विचाराचा पाठपुरावा करतं तेव्हा तर त्याचा अर्थ समर्थन असा होतो. पाठीस लागणे आणि पाठीशी उभे राहणे यांत जेमतेम एका अक्षराचं अंतर आहे, आणि हा शब्द दोन्हीकडे पाय ठेवून उभा आहे.

ती सभ्यता सुटली, पुढचा 'नको' म्हणत असतानाही मागचा हटेना, की पिच्छा, तगादा, ससेमिरा. तगादा अरबीतल्या 'तकाजा'चं मराठी रूप आणि त्याला अजून पैशांचा वास येतो: उसनवारीचा, भाड्याचा, हप्त्यांचा.

ससेमिऱ्यात पुष्कळांना ससा दिसतो. त्याचा सशाशी काही संबंध नाही. सिंहासनबत्तिशीत गोष्ट आहे. वाघाच्या भीतीने एक राजपुत्र झाडावर चढला. तिथे आधीच एक अस्वल होतं, त्याने त्याला आसरा दिला. रात्री पाळीपाळीने झोपायचं ठरलं. राजपुत्र झोपला असताना खालून वाघ म्हणाला, याला ढकल. अस्वलाने ऐकलं नाही. अस्वल झोपलं तेव्हा वाघाने तेच राजपुत्राला सांगितलं, आणि त्याने ढकललं. अस्वल फांदीला धरून वाचलं आणि त्याने शाप दिला. राजपुत्र वेडा झाला. 'स-से-मि-रा' एवढंच बडबडत राहिला. ही चार श्लोकांची पहिली अक्षरं होती. पडद्याआडून एकेक श्लोक म्हटला गेला तसं एकेक अक्षर गळत गेलं. पहिल्या श्लोकाचा आशय असा, की विश्वासाने मांडीवर झोपलेल्याला मारण्यात कसला पुरुषार्थ? चौथ्यानंतर तो शुद्धीवर आला. जे एकसारखं घोकलं जातं, सोडता सुटत नाही, ते ससेमिरा. आज वर्तमानपत्रांत हा शब्द तपासयंत्रणांच्या चौकशीसाठी सर्रास येतो, पण मुळात तो बाहेरून लागलेला नव्हता. स्वतःच्याच कृत्याने मागे लागलेला होता. मला हा मराठीतला सगळ्यात खोल शब्दांपैकी एक वाटतो.

उरलेले थोडक्यात. ध्यास चांगल्याचाच, हव्यास नको तितक्याचा. नाद लागतो, छंद जडतो. कास धरायची ती विज्ञानाची, सत्याची; ज्याच्या आधाराने चालायचं त्याची.

तर मैत्रिणी, पोलिसांच्या वाक्यात 'पाठलाग' राहू दे. तक्रारीचा 'पाठपुरावा' कर. ज्ञानासाठी 'ज्ञानसाधना' किंवा 'ज्ञानाचा ध्यास' लिही. विद्यार्थी रोज बसून अभ्यास करतात असं म्हणायचं असेल तर पहिला, ते झपाटलेले आहेत असं म्हणायचं असेल तर दुसरा. सुखाच्या हक्काशी मीही बराच वेळ अडलो. 'सुखामागे धावण्याचा हक्क' लिहिलं तर मराठी कानाला लगेच मृगजळ आठवतं आणि वाक्यात नसलेला दोष येतो. 'सुखप्राप्तीचा हक्क' म्हणजे सुख मिळणारच अशी हमी, आणि मूळ वाक्यात ती नाही. 'आपलं सुख शोधण्याचा हक्क' असं लिहून संपादकांना दाखव. त्यांनी यावरही काट मारली तर कारण नक्की विचार आणि मला कळव.