कोलारच्या जुन्या कॉन्सन्ट्रेटचा टंच गुजरीत निघेल का?

आजोबांनी कोलारच्या सोन्याच्या खाणींतून आणलेल्या डबाभर काळ्या पुडीत (कॉन्सन्ट्रेट, म्हणजे दगड दळून सोन्याचा अंश एकवटलेली पूड) सोनं किती, हे गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, कळेल का, असं तुम्ही विचारलंय. नाही. तिथलं एक्सआरएफ मशीन (क्ष-किरणांनी धातू तपासणारं) दागिन्यांसाठी लावलेलं असतं. पुडीत लोखंड, आर्सेनिक असलं की आकडा भलताच येऊ शकतो. एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यतेच्या खनिज प्रयोगशाळेत 'फायर असे', म्हणजे पूड शिशासोबत वितळवून सोनं मोजायची चाचणी, करून घ्या. मुशीत शिसं सोनं-चांदी ओढून घेतं, मग हाडांच्या राखेच्या छोट्या वाटीत शिसं मुरतं आणि बारीकसा मणी उरतो. नायट्रिक ॲसिडात त्यातली चांदी विरघळते, सोनं राहतं.

पण खरा घोळ नमुना घेतानाच होतो! सोन्याचे कण जड, ते डब्याच्या तळाला बसतात. वरची चमचाभर पूड अजिबात देऊ नका. सगळी पूड प्लॅस्टिकवर ओतून कालवा, ढीग करून भाकरीसारखा थापा, चार भाग करा, समोरासमोरचे दोन ठेवा. त्या ठेवलेल्या दोन भागांचं पुन्हा तेच. शेवटी दोन नमुने वेगळ्या नंबरांनी पाठवा. आकडे जुळले तरच विश्वास ठेवा. निकाल ग्रॅम प्रति टनात येतो: ५० आला तर किलोमागे फक्त ५० मिलिग्रॅम.

आणि कृपा करून घरी भाजू नका, आर्सेनिकचा धूर जिवावर बेततो.