हळदीचा डाग साबण लावल्यावर लाल का होतो?

तुम्ही विचारलंय की पांढऱ्या सदऱ्यावरच्या हळदीच्या डागाला साबण लावला आणि तो एकदम लाल झाला, तर आता तो कायमचा बसला का. नाही बसला. त्यावर लिंबू पिळून बघा, तुमच्या डोळ्यांदेखत परत पिवळा होईल.

माझं माहेर हरिपूरचं, सांगलीला लागून, कृष्णा-वारणेच्या संगमावरचं. घरात हळदीचाच धंदा. पाय मुरगळला की आई वाटीत हळद घ्यायची, पानाच्या डब्यातला बोटभर चुना त्यात कालवायची. पिवळीधमक हळद बघता बघता विटेसारखी लाल व्हायची. तुमच्या सदऱ्यावर झालं ते हेच.

हळदीचा पिवळा रंग कर्क्युमिन या द्रव्याचा. १८१५ साली ते हळदीतून वेगळं काढलं, पण त्याच्या रेणूची रचना कळायला १९१० उजाडलं. साबण, धुण्याचा सोडा, चुना हे सगळे आम्लारीधर्मी. त्यांच्या संगतीत कर्क्युमिन आपला हायड्रोजन सोडतं. एरवी ते निळा प्रकाश शोषून घेतं म्हणून पिवळं दिसतं. हायड्रोजन गेला की हिरव्याकडचा प्रकाश शोषायला लागतं आणि लाल दिसतं. लिंबाच्या आम्लाने हायड्रोजन परत मिळतो, रंगही परत येतो. हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेली कागदाची पट्टी घरच्या घरी लिटमससारखी वापरता येते. मुलांना जरूर करून दाखवा.

मग हळदीचं कुंकू लाल कसं राहतं, त्यात तर लिंबाचा रसच घालतात? मला हा प्रश्न कितीतरी वर्षं छळत होता. उत्तर लिंबाबरोबर कुंकवात घालतात त्या सवागीत, म्हणजे टाकणखारात (बोरॅक्समध्ये) आहे. त्यातलं बोरॉन कर्क्युमिनला बांधून घेतं आणि ती गाठ आम्लातच नीट बसते. म्हणून त्या लालीला लिंबाची भीती नाही.

आता डागाचं. कर्क्युमिन पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं, म्हणून भाजीच्या रश्शाचा डाग नुसत्या पाण्याने हलत नाही. आधी साबणाने तेल काढा, लाल झालं तरी घाबरू नका, भरपूर पाण्याने खळबळून घ्या. उरलेली पिवळी झाक उन्हावर सोडा. ऊन कर्क्युमिनचा रेणूच मोडतं.

तुम्ही म्हणाल, शिजवलेली हळद तर आमच्याकडे दहा-पंधरा दिवस उन्हात वाळत असते, तिचा रंग कसा टिकतो? रंग हळकुंडाच्या पोटात असतो, ऊन वरच्यावर लागतं. तीच हळद दळून काचेच्या बरणीत खिडकीपाशी ठेवा, हळूहळू फिकी पडेल. हरिपूरला तर हळकुंडं जमिनीखाली पेवात ठेवायचे. वर माणूस उतरेल एवढंच तोंड, खाली मडक्यासारखं पोट. तोंड लिंपून टाकलं की आत ना उजेड ना नवी हवा, त्यामुळे कीड जगत नाही. पेव उघडलं की लगेच कोणी उतरायचं नाही, ही आजोबांची सक्त ताकीद असायची, कारण आत प्राणवायूच नसतो. २००५ च्या महापुरात बऱ्याच पेवांत पाणी शिरलं. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा मला ती पेवंच आठवली.

सदरा ओलाच वाळत घाला आणि डागाची बाजू उन्हाकडे ठेवा. एका दुपारीत नाही गेला, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा.