सूर्य रोज दुपारी डोक्यावर येतो? मुंबईत तरी नाही

ऐकायला थाप वाटेल, पण शंभर टक्के खरी असेल अशी एखादी वैज्ञानिक गोष्ट सांगा, असं तुम्ही विचारलंय. मी डोळ्यांनी पाहिलेली सांगतो.

बारा वाजले की सूर्य डोक्यावर आला, असं आपण सर्रास म्हणतो. मुंबईत तो अगदी बरोबर डोक्यावर वर्षातून दोनदाच येतो, 15 मे आणि 28 जुलैच्या आसपास. आणि तेव्हाही बाराला नाही!

परळला आमच्या गच्चीवर मे महिन्यात कुरडया वाळत असतात. एका 15 मेला त्यांच्या शेजारी मी आईचा स्टीलचा उभा डबा ठेवून बसलो. बाराला डब्याच्या पश्चिमेला दोन बोटं सावली होती. साडेबाराला काळ्या दोऱ्याएवढी उरली. 12:35 ला तीही गेली. दोरीवरच्या शर्टाची सावली खाली नुसती एक रेघ. राखण करणाऱ्या काकूंची सावली त्यांच्या पायाशी गोळा झालेली. त्या म्हणाल्या, "अगो बाई, गेली कुठे?" पाचेक मिनिटांत डब्याच्या पूर्वेला नवी रेघ उमटली. माझ्या अंगावर काटा आला होता.

उशीर का? आपलं घड्याळ मिर्झापूरजवळच्या साडेब्याऐंशी अंश रेखांशाचं. तिथला सूर्य मुंबईच्या माथ्यावर यायला जवळजवळ चाळीस मिनिटं घेतो; घड्याळातली वेळ मात्र तारखेप्रमाणे थोडी मागेपुढे होते. ही शून्य सावली मेच्या सुरुवातीला सावंतवाडीत असते, शेवटच्या आठवड्यात नागपुरात पोचते. दिल्लीला मात्र कधीच नाही, कारण ती कर्कवृत्ताच्या उत्तरेला आहे.

याला कारण पृथ्वीच्या आसाचा साडेतेवीस अंशांचा कल. ऋतूही त्याच्यामुळेच, अंतरामुळे नाहीत. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, आपण संक्रांतीचे तीळ आणत असतो तेव्हा, पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते. जुलैपेक्षा तब्बल 50 लाख किलोमीटर जवळ. हेही मला शाळेत असताना खोटंच वाटलं होतं.

जुलैतल्या दिवशी मुंबईत बहुतेक ढगच असतात, म्हणून मे चुकवू नका. डबा सरळ बाजूंचा घ्या, जमीन सपाट बघा. पेला नको, तो वर रुंद असतो आणि बुडाशी सावली राहतेच.