सायनोव्हियल बायोप्सीच्या थिसिसमध्ये मेथड्सखाली काय काय लिहावं लागते?

गुडघ्याच्या सायनोव्हियल बायोप्सीवर (म्हणजे सांध्याच्या आतल्या अस्तराचे, सायनोव्हियमचे तुकडे काढून तपासणे) थिसिस करून राहिलो, मेथड्समध्ये नेमकं काय लिहू, काही ठरलेले नियम आहेत का, असं तुम्ही विचारलं. आहेत ना. युलार म्हणून युरोपातली रूमॅटॉलॉजीची, म्हणजे सांधेदुखी-संधिवाताच्या डॉक्टरकीची संघटना आहे, त्यांनी अशा रिसर्चमध्ये कमीत कमी काय सांगायलाच पाहिजे त्याचे मुद्दे छापले आहेत, ते काढून वाचाच. मी काही डॉक्टर नाही, इकडे विदर्भातच हिस्टोपॅथ लॅबमध्ये (शरीरातले तुकडे मायक्रोस्कोपखाली तपासतात तिथं) टेक्निशियन होतो, तुकड्यांचे मेणात ब्लॉक पाडायचे न् स्लाइड रंगवायच्या, तर तिथून जे दिसलं ते सांगतो.

सगळ्यांचं ध्यान स्कोरवर राहते. सायनोव्हियमची सूज मोजायच्या क्रेन स्कोरमध्ये अस्तराची जाडी, खालच्या थरातल्या पेशींची दाटी आणि जमा झालेल्या पांढऱ्या पेशी, तिन्हीला 0 ते 3, बेरीज 9 पर्यंत, 5 किंवा वर गेली की हाय ग्रेड, म्हणजे सूज जास्त. पण गडबड त्याच्या कितीतरी आधी झालेली राहते.

एकदा मे महिन्यात तालुक्यावरून एसटीनं बाटली आली, चिठ्ठीवर फक्त "गुडघा, सायनोव्हियम". डावा की उजवा नाही, तुकडा सुईनं काढला की आर्थ्रोस्कोपीनं (सांध्यात दुर्बीण घालून) की गुडघा बदलताना, काहीच नाही. झाकण उघडलं तर तुकडा टिकवणाऱ्या फॉर्मलिनचा वासच नाही, तुकडे सलाइनमध्ये! बाहेर 45 डिग्री. स्लाइडवर पेशींच्या कडा पुसल्यासारख्या, आणि चार तुकड्यातले दोन तर निव्वळ चरबी, अस्तराचा पत्ताच नाही. मागून समजलं, त्या बाईंच्या गुडघ्यात तीन आठवड्याआधी गावात स्टेरॉइडची सुई मारली होती. मग सूज कमी दिसली ते आजारच कमी म्हणून की सुईमुळं, सांगा बाप्पा! तरी तक्त्यात त्यांच्या नावापुढं आकडा बसलाच.

कापसाच्या गाडीचं जसं आहे, वरचा मूठभर कोरडा पाहून भाव लावला अन् खाली ओला निघाला. सांध्याचंही तसंच, एका कोपऱ्यात सूज भरपूर न् दुसऱ्यात थोडी, म्हणून मोठ्या सांध्यातून सहाएक तुकडे घेतात. तुम्ही किती घेतले, त्यातल्या कितीत अस्तर सापडलं, किती फेकले, हे तिन्ही आकडे लिहा. फेकलेले कोणी लिहीत नाही.

तपासायची पद्धतही लिहा. आर4आरए नावाच्या ट्रायलमध्ये (लॅन्सेट, 2021) संधिवाताचे (रूमॅटॉइड आर्थ्रायटिस) 164 पेशंट होते, सायनोव्हियममध्ये बी पेशी (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) कमी असलेल्यांत, बी पेशी मारणाऱ्या रिटुक्सिमॅब औषधापेक्षा टोसिलिझुमॅब हे दुसरं औषध बरं पडते का, हा प्रश्न. मायक्रोस्कोपखाली गट पाडले तर ठोस फरक निघाला नाही, त्याच टिश्यूच्या आरएनएवरून (पेशीत कोणती जीन्स चालू आहेत ते दाखवणारा रेणू) पाडले तर रिटुक्सिमॅबवर 36 टक्के सुधारले, टोसिलिझुमॅबवर 63 टक्के! आता "बी पेशी कमी" एवढंच लिहिलं तर वाचणाऱ्यानं काय समजायचं?

बाकी कोणती औषधं चालू होती, सांध्यात शेवटची सुई कधी, बायोप्सीच्या दिवशी तो सांधा सुजलेला होता का, स्लाइड वाचणाऱ्याला पेशंटची माहिती होती का, हे घालाच. आणि आरएनए काढायचा असंल तर आजच ठरवा, त्याचा तुकडा वेगळा ठेवून गोठवावा लागते, सगळे फॉर्मलिनमध्ये टाकून बसले तर मग पंचाईत. स्लाइडवाल्या तुकड्यांसाठी 10 टक्के फॉर्मलिन बाटलीत आधीच भरून पाठवा, तुकड्याच्या दहापट तरी.