सकाळची सुई

“आईला होतं, मला आहे, उद्या मुलीलाही होणार. आणि एक दिवस ऑपरेशन. तोवर जगायचं कसं?” डोळ्यांचा आनुवंशिक आजार असलेल्या घरांतून हा प्रश्न समुपदेशक म्हणून माझ्याकडे वारंवार येतो. आजाराचं नाव बदलतं, वाक्य तेच. म्हणून एका ताईंची गोष्ट सांगते. ओळख पटू नये इतके तपशील बदलले आहेत.

ताई 54 वर्षांच्या, घरी ब्लाउज शिवतात. दोन्ही डोळ्यांत फक्स डिस्ट्रॉफी. कॉर्निया म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा. त्याच्या आतल्या बाजूला पेशींचा एकच थर असतो, तो पडद्यात शिरलेलं पाणी सतत उपसत राहतो. या आजारात त्या पेशी कमी होत जातात, नव्या तयार होत नाहीत. पाणी साचलं की पडदा सुजतो आणि धूसर दिसतं.

पहिल्या भेटीत त्या एवढंच विचारत राहिल्या, “मी आंधळी तर होणार नाही ना?” दिलासा द्यायचा मोह मी आवरला. दिलासा दाराबाहेर पडेपर्यंत टिकतो, असा माझा अनुभव आहे. मी विचारलं, “तुमचा दिवस सुरू कसा होतो?”

“उठल्या उठल्या, तोंडही न धुता, खिडकीशी जाते. सुईत दोरा ओवून बघते. एकदा हा डोळा झाकून, एकदा तो. जमलं नाही की कळतं, आलं ऑपरेशन जवळ.”

“आणि दुपारी?”

“दुपारी कशाला बघू? अकरानंतर जरा निवळतंच.”

मी काही बोलले नाही. त्यांनीच मान वर केली. “म्हणजे मी रोज... वाईट वेळीच बघते?”

हो. रात्री डोळे मिटलेले असतात, पाणी उडून जायला वाव नसतो, म्हणून या आजारात सकाळी सगळ्यात धूसर दिसतं. डॉक्टरांनी हे त्यांना सांगितलंही होतं. पण भीती माहितीला जवळ फिरकू देत नाही. मी विवेकनिष्ठ विचारसरणीची. आपण आजारापेक्षा त्याला लावलेल्या अर्थाने जास्त खचतो, हे पंचवीस वर्षं सांगत आले आहे. त्या दिवशी मला ते सांगावंसुद्धा लागलं नाही, याचं समाधान अजून आहे.

खरी गाठ मात्र मुलीपाशी होती. “मी तिच्या पदरात हे टाकलं,” म्हणाल्या आणि रडू लागल्या.

“तुमच्या आईनं तुमच्या पदरात टाकलं, म्हणून तिचा कधी राग आला?”

“तिचा? छे! तिला बिचारीला काय माहीत होतं?” एवढं बोलून त्या थांबल्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत बराच वेळ बसल्या. मीही बसले.

फक्स डिस्ट्रॉफी असलेल्या घरांना मी हेच सांगते. आजार घराण्यात ठळकपणे चालत आला असेल तर प्रत्येक मुला-मुलीकडे तो जाण्याची शक्यता साधारण निम्मी, आणि त्रास बहुधा पन्नाशीच्या आसपास सुरू होतो. मुलांपासून लपवू नका, त्यांचे डोळे तपासून ठेवा. मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं तर सर्जनला हा आजार आधी सांगा. आणि आईच्या ऑपरेशनवरून आपलं मोजू नका. ताईंच्या आईचा अख्खा कॉर्निया बदलला होता, कित्येक महिने टाके होते. आता बहुतेकदा नेत्रदानातून मिळालेला फक्त आतला थर बसवतात. कधी करायचं, हे तारखेवर नाही, रोजची कामं किती अडतात त्यावर डॉक्टरांशी बोलून ठरतं.

ताईंनी हातशिलाई दुपारवर नेली. सकाळी मशीन साफ करणं, गिऱ्हाइकांशी फोनवर बोलणं. मुलगी तपासून आली.

शेवटच्या भेटीत त्यांनी मापांची वही उघडली. छाती-कंबरेच्या आकड्यांखाली डॉक्टरांना विचारायचे सात प्रश्न होते. शेवटचा असा: “थर चिकटावा म्हणून डोळ्यात हवेचा बुडबुडा सोडतात, तेव्हा किती दिवस उताणं झोपायचं?” मग म्हणाल्या, “मला कुशीवर झोपायची सवय आहे ना. आठवडा झाला, उताणं झोपून बघतेय.”