शीतनिद्रेला जाण्याआधी छोट्या प्राण्यांचं अंग कसं गार होतं?

तुम्ही विचारलंय की खार, हॅमस्टर असे छोटे प्राणी थंडी वाढली की आपोआप गार पडतात आणि म्हणून शीतनिद्रेत जातात का. मी महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवते. वर्गातली बहुतेक मुलंही असंच धरून चालतात, पण क्रम उलटा आहे. प्राणी आधी स्वतःचं अंग किती ऊबदार ठेवायचं ती पातळीच खाली आणतो, मग थंडी आपलं काम करते.

याचा मला सर्वांत आवडणारा पुरावा जुना आहे. 1950च्या दशकात टोरांटो विद्यापीठात पेंगेली आणि फिशर यांनी उत्तर अमेरिकेतली एक खार (आपल्या अंगणातल्यासारखी झाडावरची नव्हे, बिळात राहणारी) बिनखिडकीच्या खोलीत ठेवली. तापमान शून्य अंश, रोज 12 तास उजेड, यात काहीही बदल नाही. ऑगस्टपासून ती त्या गारठ्यात मजेत खातपीत राहिली, अंग 37 अंशांवर. ऑक्टोबरात तिनं खाणंपिणं सोडलं आणि शीतनिद्रेत गेली. थंडी पहिल्या दिवसापासून तेवढीच होती. वर्षाचं घड्याळ खारीच्या शरीरातच चालू होतं.

तापमानाचा उतार किती आधी सुरू होतो, हे अलास्कातल्या आर्क्टिक खारींनी दाखवलं. त्यांच्या शरीरात तापमान नोंदवणारी इवलीशी यंत्रं बसवून त्यांना मोकळं सोडलं होतं. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या या नोंदींत शीतनिद्रेच्या सुमारे 45 दिवस आधीपासूनच तापमान हळूहळू घटताना दिसतं. सीरियन हॅमस्टरला लहान दिवस आणि थंडी दिली, तर त्याचंही तसंच होतं. आधी तापमान आणि वजन हळूहळू उतरतं, खरी शीतनिद्रा नंतर येते.

काही खारींमध्ये आणखी एक सुंदर गोष्ट दिसते. कॅलिफोर्नियातल्या खारींच्या मेंदूचं तापमान स्ट्रमवासर या शास्त्रज्ञानं नोंदवलं, तेव्हा ते एका दिवशी थोडं उतरून पुन्हा वर येई, पुढच्या वेळी त्याहून खाली जाई. अंदाज घेत विहिरीच्या पायऱ्या उतराव्यात तसं. या उतारांना ‘टेस्ट ड्रॉप’ म्हणतात.

प्रत्यक्ष शीतनिद्रेत शिरताना हृदयाचे ठोके आधी मंदावतात, शरीरातलं ज्वलन कमी होतं आणि तापमान त्यांच्या मागून घसरतं. नुसती थंडी बाधली असती तर याच्या बरोबर उलट झालं असतं. माणूस गारठला की कुडकुडतो, शरीर उष्णता टिकवायला झगडतं. 1970च्या दशकात क्रेग हेलर आणि सहकाऱ्यांनी खारींच्या मेंदूतला हायपोथॅलॅमस (शरीराचं तापमान सांभाळणारा भाग) किंचित गार किंवा गरम करून पाहिला, तेव्हा कळलं की तिथली ‘ठरवलेली’ पातळीच शरीराच्या पुढेपुढे खाली सरकत असते. गीझर बिघडून पाणी गार होणं वेगळं आणि आपण गीझरचा काटा खाली फिरवणं वेगळं. खार काटा फिरवते, आणि तोही पुन्हा वर फिरवता येईल असा. आर्क्टिक खारीचं शरीर उणे 2.9 अंशांपर्यंत उतरल्याची नोंद ब्रायन बार्न्स यांनी 1989 साली प्रसिद्ध केली. तरीही रक्त गोठत नाही. दर दोन-तीन आठवड्यांनी ती तपकिरी चरबी जाळून काही तासांत अंग पुन्हा 36-37 अंशांवर आणते, दिवसभरापेक्षा कमी वेळ तशी राहते आणि परत उतरते. बाहेरून कोणी शेकोटी पेटवत नाही. ही सगळी ऊब तिची स्वतःची, आधीच साठवलेली असते.

तुमच्या प्रश्नात हॅमस्टरचा उल्लेख होता, म्हणून एक विनंती. घरात पाळलेला हॅमस्टर थंडीच्या दिवसांत गार, ताठर आणि निश्चल सापडला, तर तो मेला असं लगेच ठरवू नका. श्वास खूप मंद असतो, कित्येक क्षण छाती हलताना दिसतही नाही. शांतपणे बघत राहा, खोली हळूहळू ऊबदार करा, गरम पाण्यात किंवा हीटरपुढे धरू नका, आणि प्राण्यांच्या डॉक्टरांना लगेच फोन करा.